बारीक रक्तवाहिन्या आणि मधुमेह्याचें हृदय

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



मी डॉक्टर नाहीं, हें आरंभींच सांगून टाकितों. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत काढलीं, आणि पुढें जवळजवळ चाळीस वर्षें मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकवून २०१८ सालीं सेवानिवृत्त झालों, एवढीच माझी विद्वत्ता. आजच्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार असलाच तर तो रोग्याचा आहे. २०११ सालापासून मधुमेह माझ्या घरीं मुक्कामाला आहे, आणि त्याच्याहि आधीं पुष्कळ वर्षें तो माझ्या थोरल्या बंधूंकडे होता. घरांत येऊन राहिलेल्या पाहुण्याची चौकशी करावी, म्हणून मी पुस्तकें वाचूं लागलों, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावूं लागलों, आणि त्यांतून जें समजलें तें आज आपल्यापुढें मांडीत आहें.

प्रथम दादांची हकीगत सांगितली पाहिजे. दादा पाटबंधारे खात्यांत कालव्यावर नोकरीला होते. २०१३ सालीं त्यांच्या डोळ्यांपुढें काळे ठिपके तरंगूं लागले. नेत्रवैद्यांनीं डोळ्याच्या आंत रक्तस्राव झाल्याचें सांगितलें, लेसर किरणांचे उपचार केले, आणि दृष्टि बरीचशी वांचली. आम्हांला हायसें वाटलें. डोळ्यांचें दुखणें डोळ्यांतच मिटलें, अशी आम्हां सर्वांची समजूत. पुढें तीन वर्षांनीं दादांना जिना चढतांना दम लागूं लागला. छातींत कधीं कळ आली नाहीं, कीं डावा हात भरून आला नाहीं. दादा म्हणत, वय झालें. वहिनी म्हणत, वजन वाढलें. एके रात्रीं पोटांत वायु धरल्यासारखें वाटतें म्हणून ते ओवा खाऊन निजले, ते पहांटे उठलेच नाहींत.

दिवसकार्यें आटोपल्यावर कपाट आवरतांना एक हृदयालेख सांपडला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं शिरस्त्याप्रमाणें तो काढला होता, आणि शिरस्त्याप्रमाणेंच फायलींत लावून ठेविला होता. ओळखीच्या एका डॉक्टरांनीं तो पाहिला व ते म्हणाले, “हृदयविकाराचा एक झटका ह्यांना त्याआधींच येऊन गेलेला दिसतो.” ज्यानें त्याला काढून घेतला त्यानें तो वाचला नाहीं, आणि आम्हांला वाचतां येत नव्हता. मधुमेह मज्जातंतूंनाहि बधिर करितो, त्यामुळें कित्येक मधुमेह्यांना हृदयाची वेदना कळतच नाहीं, हें ज्ञान मला त्या दिवशीं झालें. डोळ्यांच्या फायलींत डोळे आणि हृदयाच्या फायलींत हृदय, अशी आमच्या कपाटांत उत्तम व्यवस्था होती. शरीरांत तशी व्यवस्था नाहीं.

आतां ह्या दोन फायलींना जोडणारा धागा कोणता, तें पाहूं. विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं असें सिद्ध केलें कीं, रक्त हृदयांतून निघतें आणि फिरून हृदयांतच येतें. परंतु धमन्यांतील रक्त शिरांमध्यें कोणत्या वाटेनें उतरतें, तें त्या बिचाऱ्याला अखेरपर्यंत दिसलें नाहीं. ती वाट इटलींतील मार्सेलो माल्पिघी ह्यानें १६६१ सालीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. तेव्हां हार्वेला जाऊन चार वर्षें झालीं होतीं. ह्या वाटा म्हणजेच केशवाहिन्या. नांव केशवाहिनी असलें तरी केंस त्यांच्यापुढें सोटासारखा जाड म्हणावयाचा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतले पांच ते दहा भाग एवढी त्यांची रुंदी. रक्तांतील तांबडी पेशी स्वतःच सातआठ भागांची असते. म्हणजे कित्येक ठिकाणीं तिला अंग चोरून, एकीमागून एक अशा रांगेनेंच जावें लागतें. प्राणवायु देणें, अन्न देणें, केरकचरा परत नेणें, हा सारा व्यवहार येथेंच होतो. मोठ्या धमन्या नुसत्या वाहतुकीच्या. दादांच्या भाषेंत सांगावयाचें तर कालवा तुडुंब वाहतो आहे कीं नाहीं ह्यावरून पिकाची परीक्षा होत नाहीं. शेवटच्या शेतकऱ्याच्या शेवटच्या वाफ्यांत पाणी पोंचलें कीं नाहीं, तें पाहावें लागतें.

ह्या केशवाहिन्या गरजेप्रमाणें उघडतात व मिटतात, ह्या शोधाबद्दल डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ ह्यांना १९२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. योगायोग असा कीं, त्यांच्या पत्नी मारी क्रोघ ह्या स्वतः डॉक्टर होत्या आणि स्वतः मधुमेही होत्या. कॅनडांत टोरोंटो येथें इन्शुलिनचा शोध लागल्याचें ह्या दांपत्याच्या कानीं आलें, तेव्हां १९२२ सालीं क्रोघ अमेरिकेच्या प्रवासांतून मुद्दाम टोरोंटोस गेले आणि तें औषध तयार करण्याची परवानगी घेऊन घरीं परतले. डेन्मार्कांतील इन्शुलिनचा प्रसिद्ध कारखाना त्यांतूनच उभा राहिला. केशवाहिन्यांचा पंडित मधुमेहाच्या औषधाकडे वळला तो पत्नीच्या काळजीनें. परंतु ह्या दोन विषयांचें नातें त्याच्या संसारापुरतेंच नव्हतें, हें पुढें हळूहळू उघड झालें.

मधुमेहांत रक्तांतील साखर वाढते, हें सर्वांना ठाऊक आहे. स्नायूंच्या पेशी इन्शुलिनशिवाय साखर सहसा आंत घेत नाहींत. पण रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तराच्या पेशींना ही मुभा नाहीं. बाहेर साखर वाढली कीं त्यांच्याहि आंत ती वाढते, आणि तेथें ती घातुक पदार्थ निर्माण करिते. अस्तराखालचा थर जाड होतो. केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून तिला आधार देणाऱ्या कांहीं पेशी असतात, त्या मरूं लागतात. आधार सुटलेल्या ठिकाणीं भिंत फुगून बारीक बुडबुडा तयार होतो. कोठें ती झिरपूं लागते, तर कोठें वाट पार बुजून जाते. हें सर्व वर्षानुवर्षें चालतें, आणि रोग्याला त्याचा पत्ता नसतो. डोळा, मूत्रपिंड, मज्जातंतु व हृदय ह्या सर्वांना हा उपद्रव कमीअधिक होतो.

तो पाहावयाचा कसा? हृदयाचा तुकडा काढून तर कोणी देणार नाहीं. मात्र ईश्वरानें म्हणा, निसर्गानें म्हणा, शरीराला एक खिडकी ठेविली आहे. डोळ्याच्या आंत मागच्या बाजूस जें दृष्टिपटल असतें, त्यावरील रक्तवाहिन्या कातडें न चिरतां सरळ दिसूं शकतात. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन प्राध्यापकानें १८५० सालीं ती खिडकी उघडली. दुसऱ्याची बाहुली आपल्याला नेहमीं काळीच कां दिसते, हें विद्यार्थ्यांना समजावून देण्याची तयारी करीत असतां त्यांना ही युक्ति सुचली. बाहुलींतून प्रकाश ज्या मार्गानें आंत जातो त्याच मार्गानें तो परत येतो; म्हणून पाहाणाराचा डोळा दिव्याच्या जागींच असल्यासारखा पाहिजे. तिरप्या धरलेल्या कांचेनें दिव्याचा प्रकाश रोग्याच्या डोळ्यांत पाडावयाचा आणि त्याच कांचेंतून आपण पाहावयाचें, इतकी ती सोपी गोष्ट! धड्याची तयारी करतांना लागलेला हा शोध आम्हां मास्तर मंडळींना विशेष अभिमानाचा वाटावा, ह्यांत नवल नाहीं. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर ह्यानें मधुमेह्याच्या दृष्टिपटलावर विकृति पाहिल्याचें प्रसिद्ध केलें, आणि त्या काळच्या मोठमोठ्या नेत्रवैद्यांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं.

नुसत्या पाहण्यापेक्षां छायाचित्र बरें. पण साध्या छायाचित्रांत मोठ्या फांद्या दिसतात, केशवाहिन्या दिसत नाहींत. १९६१ सालीं अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांत नोव्होत्नी व अल्व्हिस ह्या दोन तरुणांनीं हातांतील शिरेंत एक चकाकणारा रंग टोंचून तो डोळ्यांत पोंचतांच भराभर छायाचित्रें घेण्याची रीत काढली. त्यांच्या प्रयोगांत प्रथम सुई टोंचून घेतली ती अल्व्हिस ह्यानेंच. गंमत अशी कीं, त्यांचा निबंध नेत्रवैद्यकाच्या मासिकानें नाकारला आणि तो छापून आला रक्ताभिसरणाच्या, म्हणजे हृदयतज्ज्ञांच्या, मासिकांत. डोळ्यांच्या चित्रानें हृदयाच्या घरीं आश्रय घेतला, तो असा.

आतां तर सुईचीहि गरज उरलेली नाहीं. १९९१ सालीं मॅसॅच्युसेट्स येथें हुआंग, फुजिमोटो व त्यांचे सहकारी ह्यांनीं डोळ्याला न दिसणाऱ्या, तांबड्याच्या पलीकडील प्रकाशाचा प्रतिध्वनि मोजून दृष्टिपटलाचे थर एकेक करून दाखविणारें यंत्र प्रसिद्ध केलें. त्याला थोडक्यांत ओ. सी. टी. म्हणतात. पुढें त्याच यंत्राला रक्त पाहावयास शिकविलें. त्याची युक्ति मीं वर्गाच्या फोटोवरून समजून घेतली. सबंध वर्गाचा फोटो एकामागून एक दोनदां घ्या आणि दोन्ही कांचा एकमेकींवर ठेवून पाहा. जीं मुलें निश्चल उभीं होतीं तीं तंतोतंत जुळतील. ज्यांनीं चुळबुळ केली तेवढींच जुळणार नाहींत. डोळ्यांतील सर्व पदार्थ स्थिर, चुळबुळ करितात त्या फक्त वाहिन्यांतून धांवणाऱ्या तांबड्या पेशी. म्हणून एकाच जागेचीं पुनः पुन्हां चित्रें घेऊन जेवढा फरक दिसेल तेवढाच उतरवून घेतला, कीं रक्तवाहिन्यांचें सारें जाळें कागदावर येतें. ना रंग, ना सुई. दृष्टिपटलाच्या अगदीं मध्यभागीं साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाचें एक मैदान असतें, तेथें निसर्गतःच केशवाहिन्या नसतात. मधुमेहांत कडेच्या वाहिन्या बुजत जातात आणि हें मैदान रुंदावतें. साध्या तपासणींत डोळा निर्दोष दिसत असतांहि कधीं कधीं हा बदल आधीं दिसूं लागतो.

ह्या यंत्राच्या उणीवाहि आहेत. रोग्यानें डोळा हलविला कीं चित्र फाटतें. मोतीबिंदु दाट असला कीं धुकें येतें. आणि वाहिनी कोठें झिरपते आहे तें यांत कळत नाहीं, त्यासाठीं अजून रंगाची सुई लागते.

माझी पाळी आली २०२२ सालीं. वाचतांना अक्षर तुटक दिसूं लागलें होतें, म्हणून मी एका चष्म्याच्या दुकानांत जाऊन लागोपाठ दोन वर्षांत दोन चष्मे बदलले होते. दुकानदारानें दोन्ही वेळां अगत्यानें चहा दिला आणि दोन्ही वेळां मधुमेह आहे का हें विचारलें नाहीं. शेवटीं आमच्या मंडळींनीं हट्ट धरला म्हणून नेत्रवैद्यांकडे गेलों. त्यांनीं चित्र काढून पडद्यावर दाखविलें. नारिंगी रंगाच्या वर्तुळावर पिंपळपानाच्या शिरांसारख्या फांद्या, आणि त्यांमध्यें टांचणीच्या टोंकाएवढे सहासात तांबडे ठिपके. त्या ठिपक्यांकडे मी पाहातच राहिलों. दादांच्या वेळीं मी त्यांच्या शेजारीं बसून हेंच चित्र पाहिलें होतें, आणि ह्याचा संबंध डोळ्याशींच असें समजून घरीं आलों होतों. ह्या खेपेस मीं डॉक्टरांना विचारलें, “हें डोळ्यांत आहे, तर हृदयांत काय असेल?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मास्तर, हा प्रश्न रोग्यानें विचारण्याआधीं आम्हींच सांगावयास पाहिजे.” त्यांनीं हृदयतज्ज्ञांच्या नांवें चिठ्ठी दिली.

हृदयतज्ज्ञांनीं बाहूंतील शिरेंत औषध सोडून सी. टी. यंत्रानें हृदयाच्या धमन्यांचें चित्र घेतलें. येथें एक गोष्ट मौजेची वाटली. वैद्यकांत ‘शरीरांत न शिरतां’ केलेली तपासणी म्हणजे हृदयापर्यंत नळी न घालतां केलेली तपासणी. हाताला सुई टोंचली तर ती हिशेबांत धरीत नाहींत. ज्याला टोंचतात त्याचा हिशेब थोडा निराळा असतो! असो. चित्र स्वच्छ आलें. मोठ्या धमन्यांत म्हणण्यासारखा अडथळा नव्हता. चिरंजीव वाटेंतूनच पेढे घेऊन आले. मधुमेह्याच्या घरीं आनंद साजरा करण्याची दुसरी रीत आपल्याला अजून सुचलेली नाहीं. परंतु डॉक्टरांनीं प्रतिध्वनीच्या यंत्रानें हृदयाची हालचालहि पाहिली होती, आणि ती त्यांना पसंत पडली नाहीं. हृदय आकुंचन पावतें तें जोमानें, पण सैल पडावयाला वेळ घेतें, असें त्यांचें म्हणणें. मीं विचारलें, “मग वाहिन्या तर मोकळ्या आहेत ना?” ते म्हणाले, “हमरस्ते मोकळे आहेत. गल्लीबोळांविषयीं हें चित्र बोलतच नाहीं.”

खरोखरच तसें आहे. हृदयाच्या मोठ्या धमन्या दोनपासून चार मिलिमीटर रुंद असतात. नळी घालून केलेल्या उत्तमांतल्या उत्तम अँजिओग्राफींतहि अर्ध्या मिलिमीटरपेक्षां बारीक वाहिनी नीट उमटत नाहीं, आणि हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्ष पोसणारें जाळें तर त्याच्याहून कितीतरी बारीक. शिवाय हृदयाची एक अडचण इतर अवयवांना नाहीं. आपण स्वस्थ बसलेले असतांहि हृदय आपल्या वाट्याला आलेल्या रक्तांतून सुमारें तीन चतुर्थांश प्राणवायु काढून घेतें. म्हणजे श्रमाच्या वेळीं अधिक प्राणवायु हवा असेल तर अधिक रक्त आणण्यावांचून गत्यंतर नाहीं. शिलकी टांकींत फारसें कांहीं उरलेलेंच नसतें. बारीक वाहिन्या उघडल्या नाहींत, तर जिना चढतांना दम लागणारच. अमेरिकेंत रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं चार मधुमेह्यांची हकीगत प्रसिद्ध केली. हृदय दुबळें होऊन ते मृत्यु पावले होते, परंतु त्या दुबळेपणाचा उलगडा होईल असा अडथळा मोठ्या धमन्यांत सांपडला नाहीं. त्यास केवळ बारीक वाहिन्याच कारण होत्या असें नव्हे. साखरेनें स्नायूचाहि पोत बिघडतो. पण हमरस्ते पाहून निश्चिंत होण्यांत चूक आहे, हें तेव्हांपासून विद्वानांस कळून चुकलें.

हृदयांतील गल्लीबोळ आजहि प्रत्यक्ष दिसत नाहींत. पण त्यांतून किती रक्त जातें तें मोजतां येतें. शिरेंतून अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ सोडून, तो हृदयाच्या स्नायूंत किती वेगानें उतरतो हें एका यंत्रानें पाहातात. प्रथम विश्रांतीच्या वेळीं, आणि मग वाहिन्या रुंद करणारें औषध दिल्यावर. निरोगी हृदयांत दुसरा आंकडा पहिल्याच्या तिपटीचौपटीपर्यंत जातो. दुपटीच्या खालीं राहिला, तर पाट कोठें तरी तुंबलेला आहे असें समजावें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या मधुमेह्यांना हृदयविकार असल्याचें ठाऊक नव्हतें, परंतु ज्यांचा हा आंकडा खालीं होता, त्यांना मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्या जुन्या हृदयरोग्यांइतकाच होता; आणि ज्यांचा आंकडा चांगला होता त्यांना तो फारच थोडा होता. म्हणजे मधुमेही तेवढे सारखे, हें म्हणणें खरें नाहीं. ही तपासणी मात्र मोठ्या शहरांतील मोजक्याच ठिकाणीं होते आणि खर्चाचीहि आहे. माझी ती झालेली नाहीं.

मग डोळ्याचें चित्र हें हृदयाच्या चित्राचें काम देईल काय? ह्या प्रश्नावर हल्लीं फार बोललें जातें, आणि मला वाटतें, जरा अधिकच बोललें जातें. अमेरिकेंतील चार ठिकाणच्या रहिवाशांवर १९८७ सालापासून चाललेल्या ‘ॲरिक’ नांवाच्या अभ्यासांत असें दिसलें खरें, कीं ज्यांच्या दृष्टिपटलावर विकृति होती त्यांचें हृदय पुढें दुबळें होण्याचें प्रमाण अधिक होतें, आणि रक्तदाब वगैरे कारणें वजा घालूनहि तें अधिकच राहिलें. २०१८ सालीं गूगल कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तर अडीच लाखांहून अधिक लोकांच्या डोळ्यांचीं चित्रें गणकयंत्राला शिकवून त्याच्याकडून माणसाचें वय साधारण तीनसव्वातीन वर्षांच्या फरकानें ओळखून दाखविलें. पुरुष कीं स्त्री हेंहि तें ओळखी, जें कसलेल्या नेत्रवैद्याला ओळखतां येत नाहीं. पुढील पांच वर्षांत हृदयावर संकट येईल काय, ह्याहि प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें. तें कितपत बरोबर? संकट आलेला एक आणि न आलेला एक अशा शंभर जोड्या त्याच्यापुढें ठेविल्या, तर सुमारें सत्तर जोड्यांत तें योग्य माणसाकडे बोट दाखवी. नाणें फेंकून पन्नास जोड्या बरोबर येतातच. आणि वय, रक्तदाब, धूम्रपान अशा गोष्टी विचारून कागदपेन्सिलीनें केलेल्या जुन्या युरोपीय हिशेबाचा गुण बहात्तर होता! गणिताचा शिक्षक म्हणून मी ह्या यंत्राला उत्तीर्ण करीन; परंतु त्याच्या शेजारीं बसलेल्या जुन्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढणार नाहीं. डोळ्यांत विकृति दिसली तर हृदयाची चौकशी करावी, हें रास्त आहे. डोळा स्वच्छ आहे म्हणून हृदयहि स्वच्छ, असा उलट सिद्धांत मात्र कोणी मांडूं नये.

आणखी एक अप्रिय गोष्ट सांगतों. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत कसलीहि तक्रार नसलेल्या मधुमेह्यांपैकीं पांचांत एकाच्या हृदयाला रक्त अपुरें पडत असल्याचें आढळलें. तेव्हां पुष्कळांना वाटलें कीं, सर्वच मधुमेह्यांचीं हृदयें यंत्राखालीं घालावीं. पण त्याच पाहणीचा पुढील भाग २००९ सालीं बाहेर आला. अकराशेंवर रोग्यांपैकीं निम्म्यांची तपासणी केली होती, निम्म्यांची नाहीं. सुमारें पांच वर्षांत दोन्ही गटांत झटक्यांच्या व मृत्यूंच्या प्रमाणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. दोन्ही गटांना औषधें चांगलीं मिळत होतीं, हें त्याचें एक कारण. म्हणून तक्रार नसतांना नुसत्या भीतीनें महागड्या चित्रांच्या मागें लागूं नये, असें माझ्या डॉक्टरांचें मत आहे, आणि मला तें पटतें. दादांना मात्र तक्रार होती. जिना चढतांना लागणारा दम ही तक्रारच होती. आम्हीं तिला वयाचें नांव दिलें.

उपायांविषयीं थोडेंच बोलतों, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. साखर आटोक्यांत ठेविल्यानें बारीक वाहिन्या वांचतात, हें १९९३ सालच्या अमेरिकेंतील व कॅनडांतील मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें. इन्शुलिनवर जगणाऱ्या ज्या तरुणांच्या डोळ्यांत आधीं विकृति नव्हती, त्यांच्यांत ती उद्भवण्याचें प्रमाण शेंकडा ७६ नें घटलें. त्याच मंडळींची पुढें चौकशी ठेविली, तेव्हां २००५ सालीं हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकारहि शेंकडा ४२ नें कमी भरले. उलटपक्षीं, वयस्क रोग्यांची साखर अट्टाहासानें फारच खालीं ओढण्याचा दुसरा प्रयोग २००८ सालीं मध्येंच थांबवावा लागला, कारण त्या गटांत मृत्यु अधिक होऊं लागले. तेव्हां शेजारच्या गृहस्थांचा आंकडा पाहून आपला आंकडा ठरवूं नये. २०१५ सालीं एम्पाग्लिफ्लोझिन नांवाच्या गोळीनें हृदयविकारी मधुमेह्यांचे हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांनीं होणारे मृत्यु शेंकडा ३८ नें घटविल्याचें दिसलें. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर घालविते. आपल्या पूर्वजांनीं ज्या लक्षणावरून ह्या रोगाला मधुमेह हें नांव दिलें, तेंच लक्षण आतां औषध म्हणून मुद्दाम उत्पन्न करितात, हें पाहून मला मोठी गंमत वाटली. अर्थात् ती गोळी प्रत्येकाला चालतेच असें नाहीं.

आणि महागड्या यंत्रांचें एवढें वर्णन केल्यावर एका स्वस्त परीक्षेचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. लघवींत आल्ब्युमिन ह्या प्रथिनाचा अंश झिरपतो कीं काय, हें पाहाणें ही मूत्रपिंडांतील बारीक वाहिन्यांची परीक्षाच आहे. तो अंश वाढलेला असेल, तर हृदयालाहि धोका अधिक असतो, हें पुष्कळ पाहण्यांत दिसून आलें आहे. छायाचित्र नाहीं, पडदा नाहीं, म्हणून लोक तिला मान देत नाहींत.

२०२३ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींत आपल्या देशांत दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या लोकांचे डोळे दरसाल पाहाणार कोण? इंग्लंडांत २००३ सालापासून प्रत्येक मधुमेह्याला घरीं पत्र पाठवून डोळ्याच्या फोटोसाठीं बोलाविण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि दहाएक वर्षांतच कामकरी वयांतील अंधत्वाच्या कारणांमध्यें मधुमेह पहिल्या क्रमांकावरून खालीं उतरल्याचें प्रसिद्ध झालें. आपल्याकडे तेवढे नेत्रवैद्य नाहींत. म्हणून चित्रें वाचण्याचें काम गणकयंत्राकडे देण्याचे प्रयोग मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें व चेन्नईच्या शंकर नेत्रालयानें केले आहेत. पत्र मात्र आपल्याला कोणी पाठविणार नाहीं. मोठेपणीं होणारा, नेहमींचा मधुमेह ज्या दिवशीं कळला त्याच सुमारास एकदां, आणि त्यानंतर दरसाल एकदां, डोळ्याचा पडदा पाहून घ्यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. लहानपणापासूनच्या मधुमेह्यांना पहिल्या पांच वर्षांची सवलत असते.

दादांचा मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे. ह्याच वर्षीं त्याच्या रक्तांत साखर सांपडली. तो म्हणतो, “काका, मला लांबचें, जवळचें, सगळें स्वच्छ दिसतें.” मीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं, शनिवारची वेळ ठरवून टाकिली आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले कीं तीनचार तास जवळचें वाचतां येत नाहीं, आणि गाडी चालविणेंहि बरें नव्हे. म्हणून बरोबर कोणी तरी असावें लागतें. त्याच्याबरोबर मी जाणार आहें, आणि वहिनीहि येतों म्हणाल्या आहेत.